विमानाचा हक्क आणि विमानातली जागा

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा जिल्ह्यात लेथपोराजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि ४० जवान हुतात्मा झाले. त्यांतले दोघे एकट्या बुलढाणा जिल्ह्याचे: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. ताफ्यात ७८ वाहने आणि अडीच हजारांवर जवान होते. बर्फामुळे जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडला, रजेवरून परतणारे जवान जम्मूत साठत गेले आणि वाट मोकळी होताच एवढी मोठी नफरी एकदम रस्त्यावर आली. वाहतुकीची आखणी करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा तपशील कधीही विसरू नये.

२१ फेब्रुवारीला केंद्रीय गृहमंत्रालयाने दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर मार्गांवर, रजेसाठीसुद्धा, केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या सर्व जवानांना विमानप्रवास मंजूर केला. कॉन्स्टेबल, हेड कॉन्स्टेबल आणि एएसआय मिळून सुमारे ७ लाख ८० हजार जण त्यात नव्याने आले. रस्त्यावरचा धोका सगळ्यांना सारखा असताना तोवर पात्रता हुद्द्यावरून ठरत होती, हे आजही मनाला लागते.

असा बदल जवानाला कसा वाटतो, हे आपण त्याला क्वचितच विचारतो. जागा मिळाली तर तो विमानाने जातो, नाही मिळाली तर मुकाट्याने गाडीत चढतो, आणि त्या मुकेपणाला आपण समाधान समजतो. लष्करातही असेच: लेफ्टनंट जनरल शेकटकर समितीच्या शिफारशींनंतर ३१ मार्च २०२१ रोजी जवानांना दूध पुरवणारे मिलिटरी फार्म बंद झाले. निर्णय योग्यच होता. मनुष्यबळ लढाऊ कामाकडे वळायलाच हवे. पण लंगरात आता येणारे दूध कसे आहे, हे ते पिणाराच सांगू शकतो.

रजेचेही तसेच. श्रीनगरहून दिल्ली गाठलेल्या मलकापूरच्या जवानाला पुढे निदान रेल्वे आहे. लोणार तालुक्यात रेल्वेच नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी शतकाहून जुनी आहे. शेवटचा टप्पा एसटीने, आणि रजेचे दिवस वाटेतच सरतात.

म्हणून वाहतुकीचा आराखडा ठरवताना त्या बैठकीत एक हेड कॉन्स्टेबल किंवा हवालदार बसवा आणि त्याचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवा. रजेवरून परतलेल्या प्रत्येकाला विचारा: जागा मिळाली का, घरी पोचायला किती दिवस लागले? ही उत्तरे पुढच्या तिमाहीच्या आखणीआधी मुख्यालयात पोचली पाहिजेत.