हकीमसाहेबांच्या गोळीची परीक्षा

मूळव्याध हा न बोलण्याचा आजार. मोहल्ल्यातला तरुण घरी सांगत नाही, डॉक्टरांपुढे तर नाहीच. स्टेशनबाहेर 'बवासीर का शर्तिया इलाज' अशी पाटी दिसली की मात्र गुपचूप आत जातो. मिळालेल्या पुडीत काय आहे, हे विचारायचीही चोरी.

विचारलेच तर, 'आपल्या हिकमतीवर संशय घेता?' मित्रहो, युनानी म्हणजे ग्रीक. बुकरात आणि जालीनूसची ही विद्या अरबी-फारसीतून आपल्याकडे आली. ती ईमानाचा भाग नाही. शिवाय औषध पारखून घ्या, असा आग्रह याच परंपरेतल्या थोरांनी धरला होता. इब्न सीनाने (९८०–१०३७) 'अल-कानून'मध्ये औषध तपासण्याच्या अटीच घातल्या: रुग्णाला एकच साधा आजार असावा, गुण पुन्हा पुन्हा दिसावा, आणि परीक्षा माणसावरच व्हावी. त्याच्याही आधी राझीने रक्त काढलेले आणि न काढलेले रुग्ण वेगळे ठेवून पाहिले होते.

मूळव्याधीत तर ही खबरदारी हवीच. हा आजार आपोआप बसतो आणि पुन्हा उठतो. त्रास टोकाला गेल्यावर घेतलेली कोणतीही गोळी आठ दिवसांत 'लागू पडते'. म्हणून हब्बे-मुक्ल (मुक्ल म्हणजे आपला गुग्गुळ) खरेच गुणकारी आहे का, हे कळायला चिठ्ठ्या टाकून पाडलेले दोन गट हवेत: एकाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. आज मात्र मान्य ग्रंथातल्या नुस्ख्याला परवाना मिळवण्यासाठी अशा नव्या चाचणीची सक्ती नाही. ग्रंथाचा आधार पुरतो!

चाचणीला भिण्याचे कारण नाही. घराघरातल्या इसबगोलाचे नावही फारसी, 'घोड्याचा कान' अशा अर्थाचे. इसबगोलासारख्या चोथ्याच्या सात चाचण्या, एकूण ३७८ रुग्ण, एकत्र पाहिल्या गेल्या तेव्हा रक्त पडणे सुमारे निम्म्याने कमी झालेले दिसले. ठणका आणि खाज यांबाबत तसे ठामपणे सांगता आले नाही. गुण किती आणि कशात, हे असे मोजूनच कळते.

आणि शौचातून रक्त पडते म्हणजे मूळव्याधच, असेही नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही ते पडू शकते. तेव्हा लाज बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडून तपासून घ्या. मग हकीमसाहेबांकडे खुशाल जा, पण पुडीत काय आहे ते विचारा. कुश्ता असेल तर कोणत्या धातूचा, हेही.