काळोखांतली मंडळी

अमेरिकेंतील मोठमोठ्या प्रॉटेस्टंट चर्चांतून अलीकडे वेदीच्या जागीं रंगमंच आला आहे. त्यावर प्रोजेक्टरचे पडदे, एलईडीच्या भिंती, रंग पालटणारे दिवे व दर थोड्या महिन्यांनीं बदलणारी सजावट असा सारा थाट असतो. या थाटावर दोन आक्षेप नेहमीं ऐकूं येतात. एक, चर्चचें नाटकगृह झालें. दुसरा, पैशाचा चुराडा झाला. आम्हांस हे दोन्ही आक्षेप पोकळ वाटतात. आमची तक्रार दिव्यांविषयीं नाहीं, काळोखाविषयीं आहे. आणि हा काळोख रंगमंचावर नसतो, तो खालीं बसलेल्या मंडळीवर असतो.

प्रकाशाची योजना चर्चला नवी नाहीं. पॅरिसजवळील सँ-दनी येथें मठाधिपति सुगेर यानें वेदीभोंवतालचा जो नवा भाग उभारला व ११४४ सालीं ज्याचें समर्पण झालें, त्याचा सारा डौल रंगीत कांचांतून येणाऱ्या उजेडावर आहे. रोममधील कोर्नारो उपमंदिरांत संत तेरेसेच्या मूर्तीवर प्रकाश पाडणारी खिडकी बर्निनीनें पाहणाऱ्याच्या नजरेआड दडविली, ती सतराव्या शतकांत. आजचा दिव्यांचा योजक याहून निराळें काय करतो? खर्चाविषयीं म्हणाल, तर यांतील पुष्कळशी सजावट माल वाहण्याच्या जुन्या लांकडी फळ्यांची व पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्यांची असते. एलईडीनें तिच्यावर हवा तो रंग चढवितां येतो. शिवाय देवापुढें रोषणाई नको असें म्हणण्याचा अधिकार दीपमाळा उजळणाऱ्या आमच्या लोकांस तरी खास नाहीं.

आमचा वाद सुरू होतो तो १५२४ सालापासून. त्या वर्षीं झ्यूरिखमधील चर्चांतून चित्रें व मूर्ति काढून टाकण्यांत आल्या. आणि त्याच वर्षीं जर्मनींत ल्यूथरच्या गीतांचीं पुस्तकें छापून निघालीं. (झ्यूरिखमध्यें त्स्विंग्लीनें उपासनेंतलें गाणेंहि थांबविलें, तो भाग निराळा.) चित्रें आज यंत्रवाटे परत आलीं याचें आम्हांस दुःख नाहीं. गीतपुस्तकांची गोष्ट वेगळी. पुरोहितांच्या व गायकवृंदाच्या मुखांतलें गाणें सामान्य माणसाच्या मुखांत, त्याच्या मायबोलींत घालणें ही त्या धर्मसुधारणेची मोठी कमाई होती. ती कमाई दिव्यांच्या फलकापाशीं बसलेला मनुष्य आज नकळत उधळीत आहे.

प्रेक्षकांवर काळोख पाडण्याची रीत मुळांत चर्चची नव्हे. नाटकगृहाचीहि ती फार जुनी नव्हे. पूर्वीं युरोपांतील नाटकगृहांत खेळ चालू असतांहि प्रेक्षागारांत दिवे जळत असत, व लोक रंगभूमीइतकेंच एकमेकांसहि न्याहाळीत. १८७६ सालीं वाग्नेरच्या बायरॉइट येथील नाट्यगृहांत प्रेक्षागार काळोखांत बुडालें, आणि पुढें ती चाल सर्वत्र रूढ झाली. शेजारी दिसूं नये, रंगभूमीच दिसावी, हा तिचा हेतु. संगीतनाटकाला तें शोभतें. पण शेजारी दिसूं नये म्हणून चर्चमध्यें कोणी जात नाहीं!

चर्चमध्यें हा काळोख आला तेव्हां त्याला एक यांत्रिक कारण तरी होतें. प्रोजेक्टरला काळा रंग फेंकतां येत नाहीं. चित्रांतलें काळें म्हणजे पांढऱ्या पडद्याची प्रकाश न पडलेली जागा. सभागृहांतला उजेड त्या जागेवर सांडला, कीं काळ्याचें राखी होतें व अक्षरें फिकट पडतात. दिवे मंद करा, नाहींतर गीताच्या ओळी दिसणार नाहींत, हें म्हणणें त्या वेळीं खोटें नव्हतें. परंतु १९९० नंतरच्या दशकांत जपानांत तेजस्वी निळा एलईडी साधला (त्याच्या शोधाबद्दल तिघां शास्त्रज्ञांस २०१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें), आणि लाल, हिरव्या व निळ्या ठिपक्यांच्या भिंतीच्या भिंती उभ्या राहूं लागल्या. अशी भिंत स्वतः प्रकाशते. तिची पाठभूमि काळीच असते. भर उन्हांत चौकाचौकांतून ती जाहिराती दाखविते. म्हणजे काळोखाची गरज सरली. तरी पडद्याच्या जागीं एलईडीची भिंत बसविलेल्या चर्चांतूनहि बांकांवरचे दिवे मंदच राहतात. गरजेच्या नांवानें जो आणला तो गरज सरल्यावरहि राहिला, तेव्हां तो आवडीनें ठेविला आहे असेंच आम्हीं समजावयाचें काय?

या आवडीची किंमत मंडळी देते. वर सात-आठ गायक-वादक लखलखीत उजेडांत उभे असतात. खालीं शेजाऱ्याचें तोंड दिसत नाहीं आणि ध्वनिवर्धकांच्या गजरांत त्याचा आवाज ऐकूं येत नाहीं. पडद्यामुळें मान वर झाली व हात मोकळे झाले, हा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. पण गीताचे शब्द तेथें दोन-चार ओळींच्या तुकड्यांनीं येतात. पुस्तकांत छापलेली स्वरलिपि बहुधा नसतेच. ज्याला नवी चाल ठाऊक नाहीं तो गप्प उभा राहतो, आणि काळोखांत त्याचें गप्प राहणें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. ह्यूस्टन येथील लेकवुड चर्च २००५ सालीं बास्केटबॉलच्या जुन्या क्रीडागृहांत गेलें. तेथें सुमारें १६,००० आसनें आहेत. तेवढ्या अंतरावर उपदेशकाचा चेहरा मोठा करून दाखविणें भागच आहे. परंतु दोन-तीनशें माणसांच्या चर्चमध्यें तोच पडदा लागला, कीं वीस फुटांवरचा जिवंत पाळक सोडून लोक त्याच्या चित्राकडे पाहत बसतात. त्याहून मौज म्हणजे बिनखिडक्यांच्या कोऱ्या भिंतींवर अनेक प्रोजेक्टर जुळवून रंगीत कांचांच्या खिडक्यांचें चित्र पाडणें. सँ-दनीची खिडकी सूर्याबरोबर दिवसभर पालटते, आणि तिचा उजेड खालच्या माणसांवर पडतो.

बचाव असा, कीं भिडस्त माणसाला काळोखांत मोकळेपणा वाटतो. वाटत असेल, पण तो मोकळेपणा घरीं खोलीचें दार लावूनहि मिळतो, त्यासाठीं रविवारीं गांव गोळा करण्याचें कारण नाहीं. दुसरा बचाव कॅमेऱ्याचा. २०२० च्या साथीनंतर उपासना घरोघर दाखविण्याची चाल वाढली. मात्र कॅमेऱ्याला उपदेशकाच्या चेहऱ्यावर चांगला उजेड हवा असतो, बांकांवर अंधार लागत नाहीं.

आमच्याकडील मराठी ख्रिस्ती समाजाला तर यासाठीं परदेशाकडे पाहण्याचेंहि कारण नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं ख्रिस्ती उपासनेला भजन-कीर्तनाचें वळण दिलें. कीर्तनांत बुवा एक, पण पालुपद सर्वांचें, आणि बुवांवर पडणारा उजेड श्रोत्यांवरहि पडतो. (गणेशोत्सवाच्या मंडपांतून हल्लीं काय चालतें, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

चर्चचा रंगमंच आंखणाऱ्यानें दिव्यांचा आराखडा बांकांपासून सुरू करावा. शेवटच्या बांकावरील म्हाताऱ्यास हातांतलें पुस्तक वाचतां यावें, आणि त्या उजेडाला साजेल इतकीच भिंत तेजस्वी ठेवावी. काळोख कधींच नको असें नव्हे. पवित्र सप्ताहांतील टेनेब्री नांवाच्या जुन्या उपासनेंत मेणबत्त्या, बहुधा पंधरा, एकेक करून विझवीत. शेवटची न विझवितां वेदीआड नेत, अंधारांत धडधडाट होई, आणि मग ती एकच मेणबत्ती परत आणीत. तो काळोख वेदीवर व मंडळीवर सारखाच पडे.