कुंकवाचं बोट कुठे अडतं?

संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत आपल्या भंडारा जिल्ह्यात घरोघरी हळदीकुंकू असतं. यंदा अशाच एका घरी शेजारच्या काकू सकाळपासून राबत होत्या. चिवडा त्यांनी केला, वाणाच्या वाट्या त्यांनीच मांडल्या. बायका जमल्या, कुंकवाचा करंडा बाहेर आला आणि काकू गुपचूप आत निघून गेल्या. त्यांना कोणी ‘जा’ म्हटलं नव्हतं, पण ‘थांबा ना वो’ असंही कोणी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.

ईश्वरचंद्र विद्यासागर हे बंगालचे मोठे पंडित. विधवेच्या लग्नाला शास्त्राचा आधार आहे, हे त्यांनी पोथ्या धुंडाळून दाखवलं. त्यांच्या खटपटीने १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १८७० मध्ये त्यांच्या स्वतःच्या मुलाने विधवेशी लग्न केलं आणि ते त्याच्या पाठीशी उभे राहिले.

त्यांचं पुस्तक १८६५ साली मराठीत आणलं विष्णुशास्त्री पंडितांनी. १८६९ मध्ये मुंबईत वेणूबाईंचा पुनर्विवाह झाला, त्यामागेही तेच होते. त्यापायी बहिष्कार सोसला. पुढे पहिली पत्नी वारल्यावर १८७४ मध्ये त्यांनी स्वतः कुसाबाई या विधवेशी लग्न केलं. लोकांना सांगितलं ते घरात करून दाखवलं.

आता आपलं काय? कायद्याने लग्नाची वाट मोकळी केली. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पण हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचं, हे सरकार ठरवत नाही आणि पुरुषही ठरवत नाहीत. ते आपण बायकाच ठरवतो. बोट आपलंच अडतं!

‘त्यांनाच संकोच वाटतो,’ असं आपण म्हणतो. वाटणारच. इतकी वर्षं आपणच तो शिकवला ना? कुंकू लावायचं की नाही, हे त्यांचं त्या ठरवतील. जबरदस्ती नको. पण विचारायला तरी हवं. आणि वाण द्यायला, शेजारी बसवून घ्यायला कोणतं शास्त्र आडवं येतं?

मैत्रिणींनो, पुढच्या संक्रांतीला काकूंना बोलवायला मी स्वतः जाणार आहे. चिवडा मात्र मीच करीन. तुमच्या गल्लीतल्या काकूंकडे कोण जाणार?