बोटाच्या टोकावरचे पाप

सप्टेंबर 2019 मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा उठलेला गदारोळ आपण विसरलेलो नाही. 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेल्या या लेखकाचे लेखन बाजूला ठेवून, केवळ त्यांच्या झग्याकडे पाहून समाजमाध्यमांवर नापसंतीचा भडिमार झाला. धमकीचे दूरध्वनीही आले. प्रकृती साथ देत नसतानाही जानेवारी 2020 मध्ये ते उस्मानाबादला गेले. त्या दिवसांत श्रीरामपूरपासून वसईपर्यंत आपण सारे व्यथित झालो होतो.

मग आम्हाला विचारावेसे वाटते, की ज्या वागण्याने तेव्हा आपल्या जिव्हारी घाव बसला, तेच आज आपण आपल्या धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटावर का करीत आहोत?

अहिल्यानगर जिल्ह्यातील अशाच एका गटावर सणाच्या वर्गणीचा हिशेब टाकण्यात आला. एका आकड्याविषयी शंका निघाली. शंका विचारणे हा प्रत्येकाचा हक्कच आहे. परंतु रात्री अकरापर्यंत हिशेब राहिला बाजूला आणि हिशेब लिहिणाऱ्या वृद्धाच्या शिक्षणावर, घराण्यावर, मुलाच्या संसारावर शेरे सुरू झाले. ज्यांना शब्द सुचले नाहीत त्यांनी संतापलेला चेहरा चिकटवला. पुढच्या रविवारी मिस्सेला त्या वृद्धाची जागा रिकामी होती. चूक निव्वळ बेरजेची होती, हे मागाहून कळले. त्या गटात आम्हीही होतो. आम्ही सारे वाचले आणि गप्प राहिलो.

'आम्ही फक्त मत मांडले,' असे म्हटले जाते. मत कृत्याविषयी असते. माणूसच नकोसा झाल्याचे चारचौघांत जाहीर करणे, याला मत म्हणत नाहीत. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने उतावीळपणे दोषी ठरविणे, कारणावाचून दुसऱ्याचे दोष उघडे करणे आणि खोटे बोलून बदनामी करणे, ही तीन पापे वेगवेगळी सांगितली आहेत. त्या एका रात्रीत तिन्ही घडली.

या संतापाचा व्यापार होतो, हेही ध्यानात घ्यावे. 2017 पासून फेसबुकने संतापलेल्या चेहऱ्यासह सर्व भावचिन्हांना साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिले होते, हे 2021 मध्ये उघडकीस आले. 2020 मध्ये संतापाचे वजन शून्यावर आणण्यात आले, पण तोवर जडलेली सवय आपल्या बोटांत राहिली आहे.

मग अन्याय दिसला तरी गप्प बसावे काय? मुळीच नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने मार्ग घालून दिला आहे. आधी एकट्याने भावाकडे जावे, मग एकदोघांना सोबत न्यावे, आणि अखेरीस मंडळीसमोर गोष्ट आणावी. आपण शेवटची पायरी पहिली केली आहे. दर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीपुढे जे हात आपण जोडतो, त्याच हातांनी रात्री शेजाऱ्याची अब्रू घेतो.

आम्ही त्या वृद्धाच्या घरी गेलो, पण उशिरा गेलो. त्याने चहा दिला, तक्रार मात्र एकही केली नाही. ज्यांनी ते चेहरे चिकटवले, त्यांनी चिन्ह पुसून आपण सुटलो असे मानू नये. निंदा सर्वांदेखत झाली, तेव्हा क्षमाही त्याच गटावर, सर्वांदेखत मागावी. आणि मग त्याच्या दारी जावे. येत्या पापनिवेदनापूर्वी एवढे अवश्य करावे.