५१ मिनिटे की साडेसहा तास?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, आज माझ्याच एका चुकीबद्दल लिहिते आहे.

पाचवीच्या वर्गात मी फळ्यावर उदाहरण दिलं. नागपूर आणि मुंबई या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे ६८० किमी. विमानाचा वेग ताशी ८०० किमी. तर किती वेळ लागेल? अंतर भागिले वेग, उत्तर ५१ मिनिटे. एका मुलीने वहीत लिहिलं, "साडेसहा तास." मी लाल पेनाने फुली मारली आणि वर "सूत्र पाठ नाही का?" असंही बोलले.

ती हळूच म्हणाली, "मॅडम, माझी मावशी सकाळी सहाला गावातून निघाली अन् साडेबाराला ठाण्याला पोहोचली. विमानानंच गेली होती."

आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची?

मग आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. गाव ते नागपूर विमानतळ दीड तास. विमानाच्या दोन तास आधी हजर. विमान दीड तास. सामान मिळेपर्यंत अर्धा तास. तिथून ठाणे एक तास. बेरीज बरोबर साडेसहा! पोरीने एकही मिनिट चुकवलं नव्हतं.

मुलांनी लगेच विचारलं, ५१ मिनिटांचं विमान दीड तास का घेतं? विमान धावपट्टीपर्यंत सावकाश जातं, चढताना-उतरताना वेग कमी असतो, ठरलेल्या मार्गानेच जावं लागतं. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. गर्दी असली की आकाशात घिरट्या घालायच्या. ६८० किमीला दीड तास म्हणजे सरासरी वेग ताशी साधारण ४५३ किमी. ‘सरासरी’ हा शब्द मुलांना त्या दिवशी खरा कळला.

समृद्धी महामार्गाचंही तसंच. लांबी ७०१ किमी, वेगमर्यादा ताशी १२०. भागाकार केला तर पावणेसहा तासांच्या थोडं वर. पण सांगितलं जातं आठ तास. चहा-जेवण, डिझेल, टोल हे सूत्रात कुठे असतं?

काही जण म्हणतील, परीक्षेत उत्तर ५१च लिहावं लागणार. बरोबर आहे. सूत्र सोडा असं माझं म्हणणंच नाही. पण "दिलेल्या माहितीवरून उत्तर ५१" आणि "प्रत्यक्षात किती, आणि का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढं तरी मुलांना सांगूया. नाहीतर मूल शिकतं की शाळेतलं गणित वेगळं आणि घरचं वेगळं. मग ते डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचंच बंद करतं. मला भीती याचीच वाटते.

पालकांसाठी एक सोपं काम. पुढच्या वेळी एसटीने मामाच्या गावाला जाताना मुलाच्या हातात कागद-पेन द्या. घरातून कधी निघालो, बस कधी आली, कुठे किती थांबली, कधी पोहोचलो, हे त्याला लिहू द्या. विमानच पाहिजे असं काही नाही.

त्या फुलीच्या जागी मी नंतर बरोबरची खूण केली आणि वर्गासमोर त्या मुलीला सॉरी म्हटलं. तुमच्या वर्गात असं काही घडलं असेल तर नक्की कळवा.