अमेरिकेंतील मतदाराचें वाया जाणारें मत

ज्या राष्ट्राच्या घटनेचा दाखला लोकशाहीचे पंडित पदोपदीं देतात, त्याच राष्ट्रांतील मतदार आपल्या अध्यक्षाच्या निवडणुकीस विटला आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. परंतु प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ सालच्या पाहणींत शेंकडा ६३ अमेरिकनांनीं, देशांत ज्यास अधिक मतें पडतील तोच अध्यक्ष व्हावा, असा अभिप्राय दिला. हा असंतोष निराधार नाहीं. २००० सालीं गोर यांस बुश यांच्यापेक्षां पांच लक्षांहून अधिक मतें जास्त पडलीं. २०१६ सालीं श्रीमती क्लिंटन यांस ट्रंप यांच्यापेक्षां अठ्ठावीस लक्षांहून अधिक जास्त पडलीं. आणि दोन्ही वेळां अध्यक्षपदाची माळ पडली ती कमी मतें मिळविणाराच्या गळ्यांत!

हें कसें घडतें? संयुक्त संस्थानांचा नागरिक प्रत्यक्ष अध्यक्ष निवडीत नाहीं. तो आपल्या संस्थानापुरते निर्वाचक निवडतो. निर्वाचक एकंदर ५३८. त्यांपैकीं २७० ज्यास लाभतील तो अध्यक्ष. पन्नासांपैकीं अठ्ठेचाळीस संस्थानांत कायदा असा कीं, ज्यास एका मताचेंही आधिक्य मिळेल त्याच्याच पदरांत तेथील सर्व निर्वाचक पडावे. २०२४ सालीं कॅलिफोर्नियांत ट्रंप यांस साठ लक्ष मतें पडलीं, पण निर्वाचक एकही मिळाला नाहीं. टेक्ससमध्यें श्रीमती हॅरिस यांच्या अठ्ठेचाळीस लक्ष मतांचीही तीच गत झाली. जेथें निकाल आधींच ठरलेला, तेथें उमेदवार फिरकतो तो बहुधा वर्गणीसाठीं. मतांची याचना चालते ती पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन अशा पांचसात संस्थानांच्या दारीं.

या पद्धतीचे कैवारी म्हणतात कीं, लहान संस्थानांचें हें कवच आहे. वायोमिंगांत सुमारें दोन लक्ष वस्तीमागें एक निर्वाचक, तर कॅलिफोर्नियांत सात लक्षांमागें एक, हें खरें. पण त्या वायोमिंगाची तरी विचारपूस कोण करतो? लाभ होतो तो लहानांचा नव्हे, तर जेथें दोन्ही पक्षांचें बळ समतोल आहे अशांचा. लहानांच्या रक्षणार्थ सिनेट आहेच; तेथें प्रत्येक संस्थानास दोन जागा सारख्याच आहेत.

मग उपाय कोणता? घटनादुरुस्तीस दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतें व तीनचतुर्थांश संस्थानांची मान्यता लागते. १९६९ सालीं प्रतिनिधिगृहानें अशी दुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० मतांनीं संमत केली. परंतु १९७० सालीं सिनेटमध्यें विरोधकांनीं लांबण लावून ती बुडविली. कायद्याच्या दृष्टीनें पाहतां मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे: सर्व निर्वाचक एकासच द्यावे, असें घटनेंत कोठेंही लिहिलेलें नाहीं. ते कसे नेमावे हें ठरविण्याचा अधिकार प्रत्येक संस्थानाच्या विधिमंडळास आहे. मेन व नेब्रास्का यांनीं जिल्हावार वांटणी पत्करलीच आहे. पण ती सर्वत्र चालू केल्यास मतदारसंघांच्या सीमा आंखणाऱ्या पक्षाच्या हातीं अध्यक्षपदाची किल्ली जाईल. त्यापेक्षां, देशांत सर्वाधिक मतें मिळविणारासच आपले निर्वाचक द्यावयाचे, हा संस्थानांचा परस्पर करार आम्हांस अधिक सरळ वाटतो. २०२४ पर्यंत सतरा संस्थानें व राजधानीचा जिल्हा, मिळून २०९ निर्वाचक, त्यांत सामील झाले होते; २७० भरतांच तो अंमलांत यावयाचा आहे.

या करारास काँग्रेसची संमति हवी कीं काय, हा वाद न्यायालयांत जाणार, हें उघड आहे. पण त्याहून मोठी उणीव ही कीं, सामील झालेलीं संस्थानें बहुतेक डेमोक्रॅटिक पक्षाच्या वर्चस्वाखालचीं आहेत. म्हणून रिपब्लिकनांस ही सुधारणा नसून शस्त्र वाटतें. त्यांनीं २००४ साल आठवावें. त्या वर्षीं ओहायोंत अवघीं साठ हजार मतें फिरलीं असतीं, तर देशांत तीस लक्षांचें आधिक्य मिळविलेले बुश पराभूत झाले असते. जो फांसा आज आपल्याकडून पडतो, तो उद्यां उलटा पडणार नाहीं, अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं. अशा सुधारणेचा करार दोन्ही पक्षांनीं मिळून करावा. एकट्यानें केलेला करार न्यायालयांत टिकला तरी लोकांच्या मनांत टिकणार नाहीं.