माती कोणत्या रकान्यात?



धानोऱ्याच्या वाटेवर मेंढा (लेखा) लागते. २००९ साली वनहक्क कायद्याखाली या गावाचा सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मान्य झाला. त्या जंगलात कोणी युरियाची थैली नेत नाही. पाचोळा पडतो, वाळवी आणि बुरशी तो खातात, झाडाचे झाडाला परत मिळते.

कृषी महाविद्यालयात आम्हाला फळ्यावर दोन रकाने काढून दिले होते. सजीव: झाडे, जनावरे, जंतू. निर्जीव: ऊन, हवा, पाणी, माती. तेच पाठ करून मी पदवी घेतली आणि तेच तुम्हाला सांगत फिरलो. चुकलो. रेती, गाळ, चिकणमाती निर्जीव खरी. पण गांडूळ, बुरशी, जिवाणू काढून घ्या, मग उरते ते दगडाचे पीठ.

२०१५ पासून सरकार मृदा आरोग्य पत्रिका वाटते. नाव आरोग्याचे! तपासण्या बारा: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्मद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. जित्या जिवाची मोजणी एकही नाही. बैलाचे हाड तपासून त्याची तब्येत सांगण्यातला हा प्रकार. सेंद्रिय कर्ब तेवढा जिवाच्या जवळचा. तो कमी का झाला, हे मात्र पत्रिका सांगत नाही.

तो आपल्या धुऱ्यावर जळतो, म्हणून! पऱ्हाट्या पेटवल्या की कर्ब आणि बहुतेक नत्र धुरात जाते, हाती राख. साहेब म्हणतात, पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी लपते. लपते, खोटे नाही. पण पऱ्हाटी बारीक करून शेणासोबत खड्ड्यात कुजवली तरी अळी मरते. (कच्चा भुगा तसाच वखरू नका. तो कुजवताना जिवाणू मातीतलेच नत्र ओढतात, पीक पिवळे पडते.)

बारीक करायचे यंत्र कोरडवाहू शेतकऱ्याने आणायचे कोठून? २०१० मध्ये सरकारने स्फुरद-पालाशाचे अनुदान अन्नद्रव्याच्या हिशेबाने बांधले, युरियाला मात्र त्यातून वगळले. युरियाची थैली स्वस्त, शेणखताची गाडी महाग. मग शेतकरी काय टाकणार? त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा.

युरियावर ओतल्या जाणाऱ्या पैशातला वाटा गावोगावी पऱ्हाटी कापणाऱ्या यंत्राला आणि खताच्या खड्ड्याला मिळालाच पाहिजे. ही मागणी जिल्हा बैठकीत मांडायची आहे. येताना आपापली पत्रिका आणा. सेंद्रिय कर्बाचा आकडा प्रत्येकाने उभे राहून वाचायचा, आणि यंदा किती एकराच्या पऱ्हाट्या जाळल्या तेही सांगायचे.